‘गाण्यांनी समाज बदलत नाही’ : एका दाव्याचा प्रतिवाद

एप्रिल महिना लागला, की ‘गाण्यांनी समाज बदलत नाही’ अशा अर्थाचा एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत मोबाइलवरून फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. महाराष्ट्रातील दलितांच्या आयुष्यात जे बदलले ते कायद्याने आणि शिक्षणाने बदलले, गाणी मागाहून आली. चोखोबांपासून सहाशे वर्षे लोक गातच होते, त्याने एक दारही उघडले नाही. आंबेडकरी जलसा, म्हणजे चळवळीचा विचार गाण्यांतून आणि संवादांतून मांडणारा रात्रीचा खेळ, हा नाव बदललेला तमाशा, म्हणजे निरक्षरांची करमणूक होती. भीमगीते ही व्यक्तिपूजा आहे. त्यांच्या चाली उसन्या असल्याने त्यांत संगीत म्हणावे असे काही नाही. आणि जे काही होते तेही आता डीजेच्या भिंतींपुढे संपले आहे, असे या मजकुराचे म्हणणे असते. तो पुढे पाठवणाऱ्यांत चळवळीचे विरोधक असतात, तसे चळवळीत वाढलेले, शिकून नोकरीत स्थिरावलेले लोकही असतात. म्हणूनच त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कायद्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत वजनदार वाटतो. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. कागदावर हक्क मिळाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्याकडे चालत जाईपर्यंत त्या पाण्याला अस्पृश्याचा हात लागला नाही. त्यानंतरही वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. म्हणजे ठराव आणि हक्काचा वापर यांच्यामध्ये माणसांची तयारी नावाची एक मोठी गोष्ट असते. मार खावा लागेल, बलुते बंद होईल, गावाचा बहिष्कार पडेल, हे ठाऊक असूनही चालायला निघणारी माणसे कायदा निर्माण करीत नाही. ती कुठून येतात, हा खरा प्रश्न आहे आणि मोबाइलवर फिरणारा तो मजकूर त्याला स्पर्शही करीत नाही.

महार वतनाचे उदाहरण याहून बोलके आहे. सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस करायची आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व दारोदारचे बलुते घ्यायचे, या व्यवस्थेत सुधारणा करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा प्रत्यक्षात १९५८ मध्ये झाला, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. या तीस वर्षांत सर्वांत अवघड काम सरकारला पटवण्याचे होते असे समजणे चुकीचे ठरेल. वतन हा आपला मान आहे, ती आपल्या वाडवडिलांची जमीन आहे, ते सोडले तर खायचे काय, असे म्हणणाऱ्या खुद्द महारवाड्यातील वडीलधाऱ्यांना पटवणे हे काम तितकेच अवघड होते. ते सभांनी केले आणि वर्तमानपत्रांनीही केले. पण वर्तमानपत्र वाचणार कोण? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘जनता’ १९३० मध्ये. आणि ज्यांच्यासाठी ती निघत होती त्यांच्या बहुसंख्य घरांत अक्षरओळख असलेले एकही माणूस नव्हते. अंक वस्तीत आला तर कोणीतरी एक जण वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. छापील शब्द या लोकांपर्यंत पोचत होता तो मुळात कानांवाटेच. मग जो शब्द कानांसाठीच घडवलेला आहे, जो एकदा ऐकून पाठ होतो आणि दुसऱ्या दिवशी शेतात, जात्यावर, गिरणीच्या खात्यात पुन्हा म्हणता येतो, त्याने काम अधिक दूर नेले यात आश्चर्य कसले?

म्हणून गाणी ‘मागाहून आली’ हे म्हणणे कालक्रमालाही धरून नाही. जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा १८६९ मध्ये लिहिला. सत्यशोधक समाजाची स्थापना त्यानंतर, २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. संघटना उभी राहण्याआधी शाहिरीचा बाज हाताशी घेतला गेला होता. सत्यशोधकांनी पुढे तमाशाच्याच साच्यातून जलसा उभा केला आणि गावोगाव नेला. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच नाशिक परिसरातून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला भीमराव कर्डकांचा जलसा बाहेर पडला. लढा चालू असताना, त्याचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, माणसे गात होती.

आता चोखोबांचा मुद्दा. संपूर्ण मजकुरात मला हाच खरोखर विचार करायला लावणारा वाटतो, आणि त्याला झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चोखोबा चौदाव्या शतकात गायले. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी, विटाळाशिवाय कोणाचा देह जन्माला आला ते दाखवा, असा रोकडा प्रश्न अभंगातून विचारला. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, आणि त्या महाद्वारातून त्यांच्या जातभाईंना आत जाता आले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. सहाशे वर्षे अभंग गायले गेले, सवर्णांनीही ते डोळे मिटून गायले, आणि दार बंदच राहिले. हे सत्य आहे.

पण या सत्यावरून ‘गाण्याने काही होत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की गाणे कोणाला उद्देशून आहे आणि ते कोणत्या संघटनेशी बांधलेले आहे, यावर त्याचे सामर्थ्य ठरते. चोखोबांचा अभंग विठ्ठलाकडे दाद मागतो. त्यात दुःखाची धग आहे, प्रश्न आहेत, कधी कधी देवाशी भांडणही आहे, पण ऐकणाऱ्याने उद्या सकाळी उठून काय करावे हे सांगण्याची सोय त्या काळात त्या रचनेपाशी नव्हती. मागे उभी राहील अशी परिषद नव्हती, वसतिगृह नव्हते, वर्तमानपत्र नव्हते, निवडणूक नव्हती. जलशाने हाच एक मोठा बदल केला. त्याने गाण्याचे तोंड देवाकडून समोर बसलेल्या माणसांकडे वळवले आणि त्यांना ठोस गोष्टी सांगितल्या: मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारू सोडा, मुलामुलींना शाळेत घाला, पोर देवाला मुरळी म्हणून सोडू नका, अमुक तारखेच्या परिषदेला या. ज्या गावात रात्री जलसा होई, तिथे हे सांगणारा कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी हजर असे, कारण बहुतेक वेळा जलसेकार हाच कार्यकर्ता होता. गाणे आणि संघटना यांची अशी सांगड पडली, की जे सहाशे वर्षांत झाले नाही ते एका पिढीत घडू लागते. चोखोबांच्या गाण्याला मी अपयशी म्हणणार नाही. विटाळाचा प्रश्न उच्चारण्याची भाषा त्यांनी आणि सोयराबाईंनी दिली, आणि पुढच्या शाहिरांना ती आयती मिळाली.

जलसा म्हणजे नाव बदललेला तमाशा, हे विधान अर्धे खरे आहे, आणि त्याचा खरा भाग लाजेचा नसून अभिमानाचा आहे. तमाशा हा मुख्यतः महार-मांग, कोल्हाटी अशा जातींतील कलावंतांच्या गळ्यावर आणि पायांवर उभा राहिलेला प्रकार होता. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हा त्याचा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. ढोलकीवर थाप पडली, तुणतुणे वाजू लागले, की माणसे आपोआप गोळा होत. निमंत्रण धाडावे लागत नसे. जलसेकारांनी हा साचा घेतला आणि आतले सामान बदलले. गणात गणपतीला आळवण्याऐवजी महामानवाला, समाजाला किंवा ज्ञानाला वंदन आले. गवळणीतील राधाकृष्णाची छेडछाड गेली. वगात राजाराणीच्या कथेच्या जागी सावकार, खोत, तलाठी, वतनाला चिकटून बसलेला म्हातारा आणि शिकून आलेला त्याचा मुलगा ही पात्रे आली. यातल्या बतावणीचे, म्हणजे पात्रांमधल्या संवादाचे, मोल मला सर्वांत अधिक वाटते. जुन्या मताचा माणूस आपली बाजू मांडी, आणि ती पोकळ करून मांडलेली नसे. प्रेक्षकांतले म्हातारे मान डोलावतील इतकी ती खरी असे. मग तरुण पात्र त्याला एकेका मुद्द्यावर उत्तर देई. घरात बापासमोर जे बोलता येत नव्हते, ते असे चारचौघांत, हसतखेळत, पण पूर्ण गांभीर्याने बोलले जाई. एका वस्तीने स्वतःशीच चालवलेली ती चर्चा होती. तिला करमणूक म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, कारण दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री जागे ठेवायचे तर करमणूक लागतेच. पण ‘केवळ’ हा शब्द तिच्यामागे लावता येणार नाही.

सत्ताधाऱ्यांनी तिला कधी केवळ करमणूक मानले नाही, हेही नोंदवले पाहिजे. नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार देणारा कायदा ब्रिटिश सरकारने १८७६ मध्येच केला होता. स्वातंत्र्यानंतरही चित्र फारसे पालटले नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर मुंबई सरकारने बंदी आणली. ज्याने काही बदलत नाही अशा गोष्टीवर बंदी घालण्याचा खटाटोप कोणतेही सरकार करीत नाही.

अण्णा भाऊंचा उल्लेख आला आहे तर गिरणगावाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. लालबाग-परळच्या चाळींत राहणारा कामगार बायकामुले गावी ठेवून आलेला असे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंनी जी छक्कड, म्हणजे शाहिरी गीत, रचली, तिच्यात गावी राहिलेल्या मैनेचा विरह आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा महाराष्ट्रापासून तुटू पाहणारा मुलूख यांना एका धाग्यात ओवले. सीमावादाचा नकाशा समजायला अवघड असतो. घरापासून तुटण्याचे दुःख त्या कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हुतात्म्यांच्या रक्ताने आणि मतपेटीनेच १ मे १९६० आणला, यात वाद नाही. पण भाषिक राज्याची मागणी गिरणीतल्या माणसाला स्वतःची वाटली, त्यात या शाहिरांचा वाटा त्या काळच्या नेत्यांनीही मान्य केलेला आहे. अण्णा भाऊ मातंग, अमर शेख मुसलमान, गवाणकर तिसऱ्याच समाजातले. असे तिघे एका डफावर एका सुरात गात होते, हीही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

भीमगीते म्हणजे व्यक्तिपूजा, या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. जन्माचा सोहळा, नावाचा गजर, कोटाचे आणि चष्म्याचे वर्णन एवढ्यावरच थांबणारी गाणी पुष्कळ आहेत आणि त्यांची संख्या वाढली आहे. मात्र परंपरेचा निवाडा तिच्या उत्तम भागावरूनही करावा लागतो. वामनदादा कर्डक यांचेच पाहू. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस मुंबईत आला तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हते. अक्षरओळख प्रौढ वयात झाली, आणि पुढे २००४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हजारो गाणी रचली. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक बाबासाहेबांची स्तुती करीतच नाही. बाबासाहेबांच्या मताचे पाच लोक जरी असते तर चित्र निराळे दिसले असते, असे ते त्यांच्या अनुयायांना तोंडावर सुनावते. दुसरे एक गाणे बड्या उद्योगपतींची नावे घेऊन विचारते, की देशाच्या धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे. हजारोंच्या सभेत अनुयायांकडूनच अनुयायांची झाडाझडती गाऊन घेणाऱ्या या कवीला पूजक म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

स्त्रियांच्या ओव्यांचा विचार केला तर या आक्षेपाची बाजू आणखी लंगडी पडते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या, १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या आहेत. पहिली ओवी देवाला वाहण्याची रीत जुनी. या स्त्रियांनी त्या जागी भीमरायाला आणून बसवले. वरवर पाहता हा देव बदलण्याचा प्रकार वाटेल. परंतु ओवीत बाई भाऊ, बाप, माहेर यांच्याविषयी गाते, आणि तिथे बाबासाहेब आणि रमाई येतात ते नातेवाईक म्हणून येतात. ज्या बाईला हक्क, प्रतिनिधित्व, घटना हे शब्द कोणी शिकवले नव्हते, तिने आपल्याला काय मिळाले आणि ते कोणामुळे मिळाले याची नोंद आपल्याच भाषेत, पहाटे दळताना करून ठेवली. पुस्तके लिहिणाऱ्या पुरुषांनी जे टिपले नाही, ते या ओव्यांत टिकले आहे. तिच्या कृतज्ञतेला अंधभक्ती ठरवण्याआधी एकदा त्या ओव्या ऐकाव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.

चालींच्या उसनवारीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. लोकप्रिय चालीवर शब्द बसवले की शिकवणी न लावता सगळी वस्ती ते गाणे त्याच रात्री म्हणू शकते, हा त्यामागचा साधा हिशेब होता. आणि उसनी चाल हा दोष असेल, तर तो सर्वांना सारखा लावावा लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाने आपल्या पदांसाठी साकी, दिंडी आणि प्रचलित चालीच वापरल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’ची पदे भास्करबुवा बखल्यांनी ख्याल-ठुमरीच्या चीजांवर बांधली. तिथे त्याला प्रतिभा म्हटले जाते आणि चाळीच्या पटांगणातल्या कव्वालीत त्यालाच चोरी म्हटले जाते, हा भेद संगीताचा नाही. विठ्ठल उमप एकाच बैठकीत गोंधळ, कोळीगीत, कव्वाली आणि भीमगीत या चारही प्रकारांना त्यांचा त्यांचा लगाव देऊन गात. प्रल्हाद शिंद्यांच्या ज्या आवाजातली विठ्ठलाची गाणी घरोघर वाजतात, त्याच आवाजाने भीमगीतेही गायली. त्याच गळ्यातल्या अर्ध्या गाण्यांना संगीत मानायचे आणि अर्ध्यांना मानायचे नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

राहिला डीजेचा मुद्दा. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधड होते आणि शब्द एकही ऐकू येत नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि मला तिचे दुःख होते. ज्या परंपरेचा प्राणच शब्दांत होता, तिच्यातून शब्दच बाहेर काढले गेले आहेत. मंडळे एका रात्रीच्या ध्वनियंत्रणेला जो पैसा देतात, त्यात शाहिरांच्या एकाहून अधिक पथकांचे मानधन भागले असते. पण परंपरा संपली हे निदान चुकीचे आहे, कारण ज्या मोबाइलवरून हा मजकूर फिरतो त्याच मोबाइलवरून छत्रपती संभाजीनगरच्या, एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात महाराष्ट्रभर पोचल्या. तुम्ही खाता त्या भाकरीवर बाबासाहेबांची सही आहे, असे बजावणारे गाणे त्यांच्या मोकळ्या, न घासलेल्या आवाजात ऐकताना कोणालाही ध्वनिवर्धकांच्या भिंतीची गरज पडली नाही. अमरावतीचा विपिन तातड रॅपच्या ठेक्यावर जातीचे प्रश्न मांडतो. साधन बदलले आहे. समोरच्या माणसाशी थेट बोलण्याची रीत तीच आहे.

खरा धोका मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. जलसेकारांच्या वगांची, भजनी मंडळांच्या गीतांची आणि कव्वालांच्या सामन्यांची बरीच सामग्री हाताने लिहिलेल्या वह्यांत आणि चैत्यभूमी-दीक्षाभूमीच्या परिसरात विकल्या गेलेल्या जुन्या कॅसेटींत आहे. वह्यांना वाळवी लागते, कॅसेटची फीत सुटते, आणि घरातली नवी पिढी घर बदलताना ती अडगळ म्हणून टाकून देते. ज्यांच्या घरी अशी एखादी वही असेल त्यांनी तिची पाने छायाचित्रित करून घ्यावीत, रचनेखाली कवीचे नाव आणि गाव लिहावे, आणि घरातल्या ज्या वृद्धेला अजून चाल आठवते तिच्याकडून ती म्हणवून घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. जवळच्या महाविद्यालयातील मराठी विभागांनी हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. यासाठी कोणत्याही मोठ्या अनुदानाची गरज नाही, आणि जयंतीच्या वर्गणीतला एक लहान हिस्सा दरवर्षी बाजूला ठेवला तर एका तालुक्याचे काम थोड्याच वर्षांत पुरे होऊ शकते.